सलोमीबाईंचा अबोला

१९५८ साल. फेब्रुवारीतला शनिवार, ऊन कललेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे बसून हरभऱ्याच्या घुगऱ्या परतत होत्या आणि मी उंबऱ्याशी पाय पसरून बाळाला तेल चोळत होते. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप्तिस्मा होता.

"नाव ठरलं," कढईवरची नजर न काढता आत्याबाई म्हणाल्या.

मी मान वर केली. आमच्या पिंपळदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्याआधी बाळाला नावाने हाक मारत नसत. जन्मल्यापासून घरात तो नुसता 'पाहुणा' होता. पाहुण्याला भूक लागली, पाहुणा हसला, पाहुण्याने लुगडं भिजवलं.

"काय ठरलं?"

"बेनोनी."

माझा हात तिथेच थांबला.

ऐकणाऱ्या परक्या माणसाला या नावात काही वावगं वाटलं नसतं. कानाला गोडच आहे. पण आमच्या मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक होता. याकोबाची बायको राहेल वाटेत बाळंत झाली, आणि जीव जाता जाता तिने मुलाचं नाव ठेवलं बेनोनी. माझ्या दुःखाचा पुत्र.

"आत्याबाई, असलं नाव ठेवतं का कुणी?"

"शास्त्रातलं हाय. मी काय पदरचं सांगते?"

"शास्त्रात येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योतही आहे. ठेवलंय का कुणी पोराचं नाव त्याच्यावरून?"

"जीभ आवर," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. "मला एवढंच सांग, हे नाव खोटं हाय का? हा पोटात असताना बाप गेला याचा. मग दुःखाचा नाही तर कशाचा म्हणायचा याला?"

"पण राहेलीनं ठेवलेलं नाव टिकलं कुठं? याकोबानं लगेच बदललं की. बन्यामीन केलं. उजव्या हाताचा पुत्र."

"बापानं बदललं." त्यांनी झारा कढईच्या काठावर आपटला. "बापाचा हक्क होता, त्यानं बदललं. याला बाप कुठं हाय?"

मी बाळाला उलटं करून त्याच्या पाठीला तेल लावू लागले.

आत्याबाई कोण होत्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सलोमीबाई क्षेत्रे हे नाव तेव्हा नेवासे तालुक्यातल्या पंधरा-वीस खेड्यांत माहीत होतं. त्या बायबलबाई होत्या. मिशनच्या पगारावर, पांढरं लुगडं नेसून, खांद्याला कापडी पिशवी लावून गावोगाव पायी हिंडायच्या आणि विहिरीवर, जात्यापाशी, खळ्यात बायांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण सांगण्याची हातोटी अशी की पाण्याला आलेल्या बाया घागरी भरून झाल्या तरी हलायच्या नाहीत.

त्यांचा आवडीचा विषय म्हणजे देवाची नावं. "शास्त्रात देवाला एक नाव नाही," त्या म्हणायच्या, "आणि एकही नाव बसल्या जागी कुणाला सुचलेलं नाही. अब्राहामाला डोंगरावर पोराच्या बदली बळी द्यायला मेंढा सापडला, तेव्हा त्यानं म्हटलं, यहोवा यिरे, परमेश्वर पुरवील. गिदोन भ्याला होता, तेव्हा म्हटलं, यहोवा शालोम, परमेश्वर शांती आहे. आणि हागार? ती तर दासी. मालकिणीनं छळलं म्हणून पोटुशी असताना रानात पळाली. तिला देव भेटला तर तिनं त्याचंच नाव ठेवून टाकलं! मला पाहणारा देव. जिला घरात कुणी नावानं हाक मारत नव्हतं, तिनं देवाचं नाव ठेवलं, बायांनो."

लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा मी त्यांच्याबरोबर वंजारवाडीच्या विहिरीवर गेले होते. एका म्हातारीने विचारलं, "ते समदं खरं, पर तुमच्या देवाचं खरं नाव काय वो?" आत्याबाई म्हणाल्या, "आहे एक. पण जुनी इस्राएलाची माणसं ते नाव इतकं मोठं मानायची की तोंडातून काढायचीच नाहीत. पोथीत लिहिलेलं असायचं, पण वाचताना तिथं आलं की 'प्रभू' म्हणून पुढं जायची." असं का, ते सांगायला त्या तोंड उघडणार, तोच म्हातारी हसत सुटली. "आगं बया, म्हंजी आमच्या मालकावानीच की! नाव ठावं असतंय, पर घ्यायचं न्हाई." सगळी विहीर हसली. आत्याबाईही हसल्या. येताना मला म्हणाल्या, "आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना हेच समजावून सांगायला अर्धा तास लागतो."

मीही माझ्या नवऱ्याचं नाव घेत नव्हते. आमच्यात कुंकू-मंगळसूत्राचे रिवाज गेले होते, पण हा राहिला होता. हे मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरात मी 'अहो' म्हणायची, बाहेर 'मास्तर'. आणि तेही मला 'ऐकलंस का' म्हणायचे.

आदल्या भाद्रपदात त्यांना ताप भरला. विषमज्वर निघाला. मिशनच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. आत्याबाई खाटेच्या उशाशी बसून होत्या. तोंडाने सारखी नावं चालू. पुरवणारा, पाहणारा, शांती, आणि सगळ्यांत जास्त एक, बरे करणारा. बरे करणाऱ्या परमेश्वरा, बरे करणाऱ्या परमेश्वरा. मी पायाशी बसून ते ऐकत होते. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी उन्हं वर आल्यावर, हे गेले.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी देवाचं नाव टाकलं. रविवारी मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायच्या. गायनाला उभ्या राहायच्या, पण ओठ मिटलेले. जेवायला बसलं की पूर्वी अन्नावर लांबलचक प्रार्थना करायच्या. आता मान खाली घालून थोडं थांबायच्या आणि "जेव" म्हणायच्या. पिशवी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. मिशनचा निरोप आला तेव्हा सांगितलं, "पाय दुखतात."

आपल्या मुलाचं नावही त्यांनी त्यानंतर घेतलं नव्हतं. 'तो' म्हणायच्या. 'त्याचा कोट', 'त्याची सायकल'.

आता बाळाच्या नावाचं. आमच्या मंडळीचा रिवाज असा की बाप्तिस्म्याला बापाने मूल हातात धरायचं आणि पाळकाने विचारलं की मंडळीसमोर नाव सांगायचं. बाप नसेल तर बापाच्या आईने. पुढे पाळक विचारणार, "हे नाव कोणाच्या नावाने ठेवता?" आणि धरणाऱ्याने उत्तर द्यायचं, "परमेश्वराच्या नावाने." ते झाल्याशिवाय पाण्याला हात लागायचा नाही. पन्नास वर्षं असंच चालत आलं होतं, आणि एकदा मंडळीपुढे उच्चारलेलं नाव कुणी बदलत नसे.

म्हणजे माझ्या हातात तो शनिवारच होता.

बाळाला फडक्यात गुंडाळून मी चुलीपाशी गेले. "आत्याबाई, जरा ऐका. नाव तुम्ही ठेवाल, पण हाका मी मारणार आहे. रोज उठून काय म्हणू मी? दुःखा, ऊठ. दुःखा, तोंड धू. दुःखा, शाळेची घंटा झाली, पळ. आणि पोरगं अंगणात हरवलं की गावभर ओरडत फिरू, माझं दुःख पाहिलं का हो कुणी?"

आत्याबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं, हसतात की काय. पण त्या म्हणाल्या, "होईल सवय. दुःखाची होते, तर नावाची का नाही व्हायची?"

"मी जालन्याला जाईन. माझे वडील बाप्तिस्मा करवून घेतील."

"जा," त्या म्हणाल्या. "टांगा सांगू?"

मी गेले नाही. खरं तर मला जायचंच नव्हतं. जालन्याला माझं सगळं होतं. वडील, भाऊ, पाठच्या बहिणी. पण या दोन खोल्यांत ह्यांची सायकल होती, आणि ही बाई होती. मला माझ्या मुलाला चांगलं नाव हवं होतं आणि ते याच घरात हवं होतं.

दिवस मावळायच्या आत बाया जमल्या. बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळी घुगऱ्या खायला येणं हा मान असायचा. चटया टाकल्या, वाट्या भरल्या. सगळ्यांत मोठ्याने बोलणारी मार्थाआत्या, माझ्या वारलेल्या सासऱ्यांची बहीण. तोंडात दोन दात आणि शब्द दोन हजार.

"काय गं मनू, पाव्हण्याचं नाव काय ठेवताय? आमच्या वेळंला लई मारामारी असायची. माझ्या थोरल्याला मोशे ठेवायचा म्हणत हुते. मी म्हटलं, नगं गं बाई, चाळीस वरसं रानात हिंडवील."

"मग काय ठेवलं?" कुणीतरी विचारलं.

"योना. शास्त्रातला त्यो देवापासनं पळाला, तर माझा मुंबईला पळाला!"

बाया खदखदून हसल्या. एकजण म्हणाली, "शमुवेल ठेवा. देवानं ऐकलं, असा अर्थ आहे."

"कुणाचं ऐकलं?" आत्याबाईंनी विचारलं.

हसू बंद झालं. ती बिचारी वाटीतले हरभरे मोजल्यासारखी खाली बघू लागली. मग आत्याबाईंनी ठरलेलं नाव सांगितलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. देवदान पाटोळे त्यांचं नाव. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बायांनी डोईवर पदर घेतले. साहेबांनी खुर्चीवर बसून घुगऱ्यांची वाटी हातात घेतली, आणि नाव ऐकल्यावर ती तशीच खाली ठेवली.

"सलोमीबाई, या नावाला मी नाही म्हणू शकत नाही. शास्त्रातलं आहे. पण तुम्हीच तर आमच्या बायांना शिकवलंत, नाव म्हणजे हाक नव्हे नुसती, नाव म्हणजे आशा. अब्रामाचा अब्राहाम, म्हणजे पुष्कळांचा बाप, झाला तेव्हा त्याच्या लग्नाच्या बायकोला मूल कुठं होतं?"

"शिकवलं," आत्याबाई म्हणाल्या. "पुष्कळ शिकवलं, साहेब. पुष्कळ नावं घेतली. त्याच्या उशाशी बसून एकेक नाव घेतलं मी. तुम्ही शेजारी होता, ऐकलंत. हाक मारली की माणूस ओ देतो. कुत्रंसुद्धा कान टवकारतं. मी तीन आठवडे हाका मारल्या. एकाही नावाला ओ आली नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता ते काहीतरी वचन सांगतील, दुःख सोसणाऱ्या ईयोबाचं वगैरे. पण त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मीही मारल्या होत्या, बाई."

निघताना मी त्यांना ओट्यापर्यंत पोचवायला गेले. "साहेब, काही करता येणार नाही का? आई आहे मी त्याची."

"रिवाज मी मोडला तर मंडळी मला विचारील, सुनबाई. नाव आजीनंच सांगायचं." त्यांनी पायातली चप्पल नीट केली. "पण रिवाज दोन्हीकडून असतो. उद्या मी त्यांना विचारणार, कोणाच्या नावाने ठेवता. त्यांना सांगावं लागेल. पाच महिने ते नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. काय होईल ते मलाही माहीत नाही."

ते गेले. मी तिथेच उभी होते. मागून मार्थाआत्या चूळ भरायला आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सगळंच ऐकायच्या.

"रडू नगंस," त्या म्हणाल्या. "तुझी सासू देव सोडून गेली असं सगळी मंडळी कुजबुजती. येडी हायेत. सोडून गेलेली बाई रविवारी पहिल्या चटईवर येऊन बसती व्हय?"

"मग नाव का घेत नाहीत?"

"अबोला धरलाय तिनं. माझा भाऊ जित्ता असताना त्याच्याशीबी धरायची. एकदा आख्खा उन्हाळा धरला हुता. भाकरी थापायची, ताट वाढायची, पर त्वांडातून शबूद न्हाई." आत्यांनी खळकन चूळ टाकली. "अबोला कुणाशी धरत्यात गं? वाटंवरच्या माणसाशी धरत्यात का?"

"पर पोराला बेनोनी म्हणणं ह्ये मातुर वाईट," असं म्हणून त्या आत गेल्या आणि उरलेल्या घुगऱ्या पदरात बांधून घेतल्या.

रविवारी सकाळी मंदिर भरलं होतं. डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला पुरुष, मध्ये चालायला वाट. पुढे पितळेचं पाण्याचं भांडं चौरंगावर ठेवलेलं. गायन झालं, वाचन झालं. पेटीवाल्याने शेवटचा सूर सोडला आणि साहेबांनी आम्हाला पुढे बोलावलं. आत्याबाईंनी बाळाला दोन्ही हातांवर घेतलं होतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. बाळाला मी माझ्या आईने पाठवलेलं पांढरं झबलं घातलं होतं. त्याचा एक हात बाहेर आला होता आणि तो आत्याबाईंच्या पदराची किनार ओढत होता.

"हे मूल कोणाचं?" साहेबांनी विचारलं. तो पहिला प्रश्न असायचा. त्याचं उत्तर म्हणजे बापाचं नाव.

बाप स्वतः उभा असला की तो म्हणायचा, माझं. आत्याबाईंना मुलाचं नाव सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मी त्यांच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं.

साहेब थांबले. मंडळी थांबली. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी खोकलं. दुसरा प्रश्न नावाचा, त्याची भीती मला होती. पण त्या पहिल्यालाच अडकतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मागच्या ओळीत कुजबुज सुरू झाली. त्या बाईला असं सगळ्यांसमोर उभं बघवेना मला.

"शांतवनचं," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दोन वर्षं संसार केला, पण ते नाव माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. ते असताना नाही, त्यांना मातीत ठेवताना नाही, आणि बाळंतपणाच्या कळांत सुईण म्हणाली होती, "घे गं नाव नवऱ्याचं, शिव्या घाल," तेव्हाही नाही. बायांच्या बाजूला बांगड्यांची किणकिण झाली. कुणीतरी "आगं" म्हणालं. छप्पर काही कोसळलं नाही. कौलांतून उन्हाचे कवडसे पडले होते, ते तसेच होते.

पुरेसं ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "शांतवन क्षेत्रे यांचं."

आत्याबाईंनी माझ्याकडे मान वळवली. तसं त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. विहिरीवर कुणी लांबून हाक मारावी आणि आवाज ओळखीचा आहे की नाही ते नीट ऐकायला बाईने घागर खाली ठेवावी, तसं.

"बाळाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"बे–" आत्याबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

बाळाने पदराची किनार तोंडात घातली होती. आत्याबाईंनी ती हळूच काढली.

"साहेब, मला जरा बोलायचंय."

"बोला."

त्या मंडळीकडे वळल्या. कित्येक वर्षं त्या बायांपुढे बोलत आल्या होत्या, पण त्या दिवशी आवाज सापडायला वेळ लागला. "राहेलीनं एक नाव ठेवलं. बापानं ते बदललं. काल मी माझ्या सुनेला म्हटलं, याला बाप नाही, बदलणार कोण? मला वाटलं, माझं बिनतोड आहे." "आत्ता तिनं नाव घेतलं. तुम्ही ऐकलंत. मीही ऐकलं. ज्याचं नाव घेता येतं तो नाही असं मी कसं म्हणू? याला बाप हाय."

"बाप याला दुःखाचा म्हणाला नसता," आत्याबाई म्हणाल्या. "माझा शांतवन तसा नव्हता. बन्यामीन, साहेब. बापानं ठेवलं म्हणून लिहा."

साहेबांनी मान हलवली. मग त्यांना पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता. त्यांनी तो अगदी हळू विचारला, जणू नाही ऐकू गेला तरी चालेल.

"हे नाव कोणाच्या नावाने ठेवता?"

आत्याबाई बराच वेळ पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिल्या. मुलाचं नाव त्यांच्या तोंडी आलं होतं; हे दुसरं अजून यायचं होतं. मी त्यांच्या कोपराला हात लावला.

"साहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "खोटं बोलून त्याचं नाव घेणार नाही मी. ते व्यर्थ घेणं होईल. अजून माझं मन तिथं येत नाही. पण ज्याचं नाव आज मला घेववत नाही ना, त्याच्याच नावाने. दुसऱ्या कुणाच्या नाही."

मला वाटलं, साहेब अडवतील. मंडळीच्या पंचांपैकी एक जण उठायच्या बेतात होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी ओंजळ पाण्यात घातली.

"बन्यामीन, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो."

पाणी डोक्यावर पडताच बन्यामीनने असा टाहो फोडला की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. बायांच्या ओळीतून मार्थाआत्या ओरडल्या, "आवाज बापाचा न्हाई हां, आजीचा हाय!" मंदिरात ओरडल्याबद्दल त्यांना नंतर पंचांनी समज दिली. त्यांनी समज ऐकून घेतली आणि हसल्या.

साहेबांनी "आमेन" म्हटलं. आत्याबाईंनीही म्हटलं. एवढंच, पण म्हटलं.

पाटोळे पाळकांची दोन वर्षांनी संगमनेरकडे बदली झाली. जाताना बन्यामीनला त्यांनी लाकडी भोवरा दिला. म्हातारपणी दिसेनासं झालं तरी ते आवाजावरून माणूस ओळखत आणि मला बघितलं की, म्हणजे ऐकलं की, विचारत, "उजवा हात बरा आहे का?" मार्थाआत्या नव्वदी ओलांडून गेल्या. त्यांचा पळालेला योना त्यांच्या मातीला मुंबईहून आला आणि सगळ्यांत जास्त रडला. मी पिंपळदऱ्यातच राहिले. शिक्षिकेची परीक्षा दिली आणि ह्यांच्याच मिशनच्या शाळेत तीस वर्षं पोरं शिकवली. जालन्याहून दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा आत्याबाईंनीच मला "जा" म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा मी गेले नाही. बन्यामीन नगरला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये लागला. निवृत्त होऊन आता घरी आहे. त्याला मी कधी त्याचं पहिलं नाव सांगितलं नव्हतं, मार्थाआत्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, डेपोत सगळ्यांनी बेन्या म्हटलं असतं." त्याऐवजी बेन म्हणायचे, म्हणजे फरक काही पडला नाही.

आत्याबाईंचा अबोला नेमका केव्हा सुटला ते मला सांगता येणार नाही. बन्यामीन बोलायला लागला तेव्हाची एक दुपार आठवते. मी शाळेतून आले तर आतून त्याला अन्नाची प्रार्थना शिकवत असल्याचा आवाज येत होता. तो बोबडं बोलत होता आणि त्या एकेक शब्द पुढे करत होत्या. 'परमेश्वरा' हा शब्द आला. तो त्यांनी एकदा म्हटला, मग पुन्हा म्हटला, त्याला नीट जमला होता तरी. मी ओट्यावरच बसून राहिले. त्यांची जेवणं होईपर्यंत आत गेले नाही.

त्या दिवाळीनंतर त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. पुन्हा वंजारवाडी, पुन्हा विहिरी. पण सांगणं बदललं होतं. आजारी पोराची आई विचारायची, कोणतं नाव घेऊ म्हणजे गुण येईल? पूर्वी त्यांच्याजवळ उत्तर तयार असायचं. आता त्या तिच्याजवळ जाऊन बसायच्या. म्हणायच्या, "कोणतंही घे. गुण येईल का ते मला सांगता येत नाही. पण घे, मी पण घेते तुझ्याबरोबर."

१९७४ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. चार-पाच दिवस अंथरुणावर होत्या. शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली.

"मनू, नाव घे."

"कुणाचं, आत्याबाई?"

त्यांनी थोडा विचार केला. मग ओठांचा कोपरा हलला, आणि या वेळी त्या खरंच हसल्या.

"दोघांचंही."

मी घेतलं. त्यांनी एकेकाळी टाकलेली ती दोन नावं, एक आधी, एक नंतर. आधी कुणाचं घेतलं, ते मी अजून बन्यामीनलाही सांगितलेलं नाही.